वॉर्ड होता, बाबा

(अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या २०२५च्या गणेशोत्सव मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडे संपादित)

नमस्कार मंडळी.

या सोमवारी सप्टेंबरची पहिली तारीख होती. आपल्यातल्या दोन-तीन घरांत आदल्या रात्री कुणाच्याच डोळ्याला डोळा लागला नाही, हे मला माहीत आहे, कारण त्यातल्या दोघांचे मला दुसऱ्या दिवशी फोन आले. एका घरी मुलाचा फोन वाजला होता. दुसऱ्या घरी नाही. मी आज मुख्यतः त्या दुसऱ्या घराशी बोलणार आहे.

ज्यांची मुलं लॅक्रोस खेळत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. टोकाला जाळी असलेल्या स्टिकने बॉल झेलत-फेकत गोल करायचा, असा हा खेळ. अकरावीत आलेल्या मुलाशी डी-वन, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यांत वरच्या विभागातल्या, कॉलेजचा कोच एक सप्टेंबरपासून बोलू शकतो. त्याआधी फोन नाही, मेसेज नाही, आईवडिलांमार्फतही नाही. कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएने हा नियम एप्रिल २०१७मध्ये केला, आणि तो व्हावा म्हणून खटपट केली ती लॅक्रोसच्या कोचेसनीच. कारण तोवर आठवी-नववीतल्या मुलांची बोलणी पक्की होत होती. मिसरूडही न फुटलेला मुलगा, हायस्कूलची एकही मॅच न खेळलेली मुलगी, आणि घरचे सांगत फिरायचे की आमचं लेकरू अमुक कॉलेजला कमिट झालं. आपल्याकडे एके काळी पाळण्यात लग्नं ठरायची, तसाच तो प्रकार. त्या बोलण्याला कायद्याचं बळ काहीच नव्हतं. कोच बदलला, मूल उंच झालं नाही, गुडघा दुखावला, की मोडलं लग्न.

नियमाने कोचेसचे हात बांधले. आपले बांधले नाहीत. मैदानाबाहेर थांबलेली ती घाई आपण गाडीत बसवून घरी आणली.

माझं सांगतो. २००४पासून लॅक्रोस हा मेरीलँडचा अधिकृत सांघिक खेळ आहे, आणि इथली मुलं स्टिक हातात घेऊनच बसस्टॉपवर उभी असतात. माझ्या मुलाने तिसरीत स्टिक घेतली. मी शिवाजी पार्कच्या कडेला वाढलेला माणूस, मला क्रिकेटपलीकडे काही कळत नव्हतं. पण चार वर्षांत मी इतका तयार झालो की रेफ्रीच्या चुका काढायला लागलो.

२०१८च्या वसंतातली गोष्ट. मुलगा सातवीत. बरोबरीत चाललेल्या मॅचमध्ये त्याने एकाला चुकवून गोल केला. तेवढ्यात शिट्टी वाजली. रेफ्रीने वॉर्ड दिला. वॉर्ड म्हणजे बॉल आपल्याकडे असताना मोकळ्या हाताने समोरच्याची स्टिक ढकलणं. गोल रद्द, बॉल समोरच्यांना. रेफ्री सोळा-सतरा वर्षांचा पोरगा होता, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट त्याला दोन माप मोठा. मी कडेच्या रेषेला लागून त्याच्याबरोबर चालत गेलो आणि पुढची दहा मिनिटं ओरडत राहिलो. काय ओरडलो ते गणपतीसमोर सांगत नाही. त्याचे कान लाल झालेले मला आजही दिसतात. एकदा त्याने शिट्टी तोंडाशी नेली आणि वाजवलीच नाही, तशीच खाली घेतली. माझ्यामुळे.

परतीच्या वाटेवर मुलगा मागच्या सीटवर बसला, सीटबेल्ट लावला, पण हेल्मेट काढलं नाही. मी आरशातून पाहतोय, तर जाळीमागे नुसता अंधार. पंचवीस मिनिटं मी बोलत होतो. कोचने तुला दुसऱ्या हाफमध्ये का बसवलं, त्या पोराला नियम तरी माहीत होते का, पुढच्या वर्षी क्लब बदलायला हवा. घराच्या ड्राइव्हवेमध्ये गाडी थांबली तेव्हा हेल्मेटच्या आतून तो म्हणाला, "वॉर्ड होता, बाबा. मी ढकललं होतं."

मंडळी, मी त्यानंतर लगेच सुधारलो असं नाही. ओरडणं बंद केलं, ही खरी गोष्ट. पण ओरडणं हे त्या आजाराचं नुसतं बाहेरचं लक्षण आहे. आत काय चाललं होतं ते सांगतो, कारण ते तुम्हालाही ओळखीचं वाटेल.

मुलगा नववीत गेला तशी कॉलेजांची ईमेल यायला लागली. 'आमच्या उन्हाळी कॅम्पला तुला पाहायला आवडेल.' मी ती छापून फाइलला लावायचो. कॅम्पची जाहिरात एक सप्टेंबरच्या आधीही पाठवता येते. ती शेकडो मुलांना जाते, आणि कॅम्पची फी आपण भरतो. मी ते आमंत्रण समजलो. जूनमध्ये शोकेस असायच्या, म्हणजे कॉलेजांच्या कोचनी मुलं पाहावीत म्हणून भरवलेल्या स्पर्धा. दहा-दहा मैदानं शेजारी शेजारी, गोलपोस्टच्या मागे तंबू, तंबूत घडीच्या खुर्च्यांवर कॉलेजांचे कोच, प्रत्येकाच्या अंगात आपापल्या कॉलेजचा टी-शर्ट. मुलगा बॉलकडे बघायचा आणि मी टी-शर्टांकडे. कुणी उठून दुसऱ्या मैदानाकडे गेला की माझ्या पोटात खड्डा. दोन मॅचच्या मधल्या वेळात मुलाला पाणी द्यायचं सोडून मी त्याला कोण कुठे बसलंय ते सांगायचो. त्याने एकदा विचारलं, "मी गोल केला ते पाहिलंस का?" मी पाहिला नव्हता.

ओळखीतल्या एका घराने तर मुलाला आठवी पुन्हा करायला लावली. अभ्यासात कच्चा म्हणून नाही. एक वर्ष मोठा झाला की मैदानावर अंगाने उठून दिसेल म्हणून. इथे त्याला रीक्लास म्हणतात आणि ते सर्रास चालतं. आपण ज्या गावांतून आलो तिथे एकाच इयत्तेत दोनदा बसणं ही नामुष्की होती. त्या मुलाने जुन्या मित्रांना काय सांगितलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

हे सगळं कशासाठी? हिशेब मांडून पाहू, आपण हिशेबाची माणसं आहोत. एनसीएएच्याच आकड्यांप्रमाणे हायस्कूलमध्ये लॅक्रोस खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी डी-वनपर्यंत पोचतात ती साधारण तीन. डी-वनच्या मुलांच्या संघाला २०२५पर्यंत जास्तीत जास्त १२.६ पूर्ण शिष्यवृत्त्या देता यायच्या, मुलींच्या संघाला १२. मुलांच्या संघात खेळाडू पंचेचाळीस-पन्नास. भागाकार केला तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम पाव, तीही त्या कॉलेजने सगळी रक्कम उभी केली तर. डी-थ्री, म्हणजे तिसरा विभाग, खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही. हार्वर्ड-येलसारख्या ज्या आयव्ही लीगच्या नावाने आपण रात्री जागतो, तीही देत नाही. २०२५च्या जूनमध्ये कॉलेज खेळाडूंच्या खटल्यात कोर्टाने जो समझोता मान्य केला, त्यात सामील झालेल्या कॉलेजांना शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा राहिली नाही, पण खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली: मुलांच्या संघात ४८, मुलींच्या संघात ३८. त्यामुळे मोठ्या संघांतल्या शेवटच्या बाकावरच्या जागा, जिथे बिनशिष्यवृत्तीचं एखादं मूल चार वर्षं घाम गाळून उभं राहू शकलं असतं, त्या आणखी कमी झाल्या. क्लब, शोकेस, हॉटेलं, विमानं यांवर मी दर वर्षी काही हजार डॉलर घातले. तेच ५२९ खात्यात, म्हणजे कॉलेजसाठीच्या बचत खात्यात, टाकले असते तर कॉलेजच्या खर्चाला चांगला हातभार लागला असता.

तुम्ही म्हणाल, आम्हाला पैसे नकोत, प्रवेश हवा. कोचने नाव पुढे केलं की चांगल्या कॉलेजचं दार उघडतं. उघडतं, हे खरं आहे, आणि तिथेच आपला पाय घसरतो. मार्च २०१९मध्ये व्हार्सिटी ब्लूज हे लाच देऊन कॉलेज प्रवेश मिळवल्याचं प्रकरण बाहेर आलं ते आठवा. कधी वल्हं न धरलेल्या मुलींचे रोइंग मशीनवर बसवून काढलेले फोटो, पैसे खाल्लेले कोच, तुरुंगात गेलेले आईबाप. आपल्यापैकी कुणी तसं करणार नाही. पण मुलाच्या अंगातला खेळ म्हणजे दार उघडायची किल्ली, ही समजूत त्यांची आणि माझी एकच होती. लातूरचे क्लास, कोट्याची खोली, बारावीच्या वर्षी घरातला बंद टीव्ही, हे सगळं मी मागे सोडून आलो असं मला वाटत होतं. ते माझ्याबरोबर विमानात बसलं होतं.

२०१९मध्ये मी रेफ्रीचं प्रशिक्षण घेतलं. त्या मुलाची माफी मागायची होती. तो नंतर कुठल्याच मैदानावर दिसला नाही. तेव्हा वाटलं, निदान त्याची जागा तरी भरू. मैदानाच्या आतून ही सगळी गोष्ट फार वेगळी दिसते. मॅचच्या आधी मी स्टिक तपासतो: बॉल जाळीत टाकायचा, स्टिक उलटी करायची, बॉल सुटून पडला पाहिजे. तेव्हा दहा वर्षांचं मूल स्टिक माझ्या हातात देतं आणि श्वास धरून बघत राहतं. त्या वेळी त्याचा चेहरा मन लावून खेळायला आलेल्या माणसाचा असतो. मग खेळ सुरू होतो, आणि कडेचा पहिला आवाज येतो, आणि तो चेहरा बॉलवरून उठून त्या आवाजाकडे वळतो. दर शनिवारी मी हे पाहतो.

एकदा तो आवाज मराठीतून आला. "घरी चल, मग बघतो तुझ्याकडे." मैदानावर कुणाला कळणार नाही अशा खात्रीने उच्चारलेलं वाक्य होतं. मला कळलं. ज्या भाषेत आपण आज आरती म्हटली, ज्या भाषेत ते मूल आजीशी फोनवर बोलत असेल, त्याच भाषेत ते त्याच्यापर्यंत पोचलं. दुसऱ्या हाफमध्ये त्या मुलाने एकही ग्राउंड बॉल उचलायला वाकून पाहिलं नाही. मी मॅच संपल्यावर त्या बाबांना मराठीत नमस्कार केला. आम्ही पार्किंगमध्ये अर्धा तास बोललो. ते वाईट गृहस्थ नव्हते. घाबरलेले होते.

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईत ऑलिंपिक समितीची बैठक झाली आणि २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटबरोबर लॅक्रोसही आलं. माझ्या भावाने बांद्र्याहून फोन केला, "तुझा खेळ आमच्या गावात पास झाला." मला मनापासून आनंद झाला, कारण क्रिकेट आणि लॅक्रोस, माझ्या आयुष्यातले दोन्ही खेळ एकाच दिवशी एकाच शहरात मंजूर झाले होते. त्यानंतर मी लॅक्रोस हा खेळ ज्यांचा आहे त्या हौडेनोसौनी लोकांबद्दल, उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांबद्दल, वाचायला लागलो. त्यांच्याकडे मुलगा जन्मला की त्याला छोटी लाकडी स्टिक देतात, आणि माणूस गेला की स्टिक त्याच्याबरोबर पुरतात. हा खेळ निर्मात्याने दिलेला आहे असं ते मानतात. कुणी आजारी असेल तर त्याला बरं वाटावं म्हणून खेळ मांडतात. आजारी माणसासाठी खेळायचा खेळ, आणि आपण त्याने मुलांना आजारी पाडतो आहोत. हे मी आमच्या क्लबच्या बैठकीत बोललो तेव्हा काहींना राग आला. तरीही मी तो शब्द मागे घेत नाही.

आता त्या दुसऱ्या घराशी बोलतो. २०२१च्या एक सप्टेंबरला आमचंही घर ते दुसरं घर होतं. रात्री बाराला स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार्जरला लावलेला फोन, आणि त्याच्यासमोर मुलगा ताक-भात खात बसलेला. आम्ही दोघं पाणी प्यायला आल्यासारखं करत होतो. बारा वाजून सहा मिनिटांनी फोन थरथरला. मेसेज त्याच्याच संघातल्या मित्राचा होता, त्याला फोन आला होता. मुलाने त्याला अभिनंदनाचं उत्तर पाठवलं, ताट धुतलं आणि झोपायला गेला. मी दोनपर्यंत बसून होतो. त्या रात्री आमच्या घरात सगळ्यांत मोठा माणूस कोण होता, ते मला त्या धुतलेल्या ताटावरून कळलं.

तो आज सरकारी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिथल्या क्लब संघात खेळतो. वर्गणी मुलं स्वतः काढतात, लांबच्या मॅचला आळीपाळीने गाड्या चालवतात. एप्रिलमध्ये मी न सांगता एक मॅच पाहायला गेलो, तीन तास गाडी चालवून. तंबू नव्हते, टी-शर्ट नव्हते. मी पहिल्यांदा पूर्ण मॅच बॉलकडे बघत पाहिली. माझा मुलगा डाव्या हाताने इतका छान पास देतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मंडळाला माझं एक मागणं आहे. आपल्या भागात शनिवारच्या मॅचना रेफ्री मिळत नाहीत, आणि जे पोरगे येतात ते एका हंगामात निघून जातात. आपल्यातल्या चार-सहा आईबाबांनी हे प्रशिक्षण घ्यावं. मी प्रसादाच्या टेबलाशेजारी थांबतो, नावं लिहून घ्यायला वही आणली आहे. शिट्टी मी देईन.

आणि आज इथे अकरावीतली मुलंमुली आहेत, काही जण आत्ता बाहेर ढोलांना दोऱ्या आवळत आहेत. जेवणाच्या रांगेत त्यांना कुणी "काय, फोन आला का?" असं विचारू नका. ढोल किती वजनाचा आहे ते विचारा.