भूवैज्ञानिकाच्या सहीमागे कोण उभं असतं?

भूवैज्ञानिकांची संस्था म्हटली की परिषदा, नियतकालिक आणि अभ्यास-सहली डोळ्यांसमोर येतात. बंगळुरूची जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया 1958 साली स्थापन झाली. अशा संस्थांनी केलेल्या ज्ञानप्रसाराचं मोल मोठं आहे. पण आज मला बोलायचंय ते सहीबद्दल. खडक जमिनीखाली असतो. पैसे गुंतवणाऱ्याला किंवा धरण बांधणाऱ्याला तो दिसत नाही. त्याच्या हाती पडतो फक्त अहवाल आणि त्याखालची सही.

ब्री-एक्स या कॅनडियन कंपनीने इंडोनेशियात बुसांग इथे सुमारे 7 कोटी औंस सोनं असल्याचा दावा केला. एरवी कोअर, म्हणजे जमिनीत भोक पाडून बाहेर काढलेला खडकाचा दंडगोल, हिऱ्याच्या करवतीने उभा चिरतात. अर्धा प्रयोगशाळेत जातो, उरलेला अर्धा खोली लिहून पेटीत राहतो. शंका आली तर दुसरा माणूस तीच जागा पुन्हा तपासू शकतो. बुसांगला मात्र बहुतेक सगळा कोअर दळला गेला आणि नमुन्यांत बाहेरचं सोनं मिसळलं गेलं. त्या कणांच्या कडा नदीच्या गाळातल्या सोन्यासारख्या गोलावलेल्या होत्या. फ्रीपोर्ट कंपनीने शेजारीच भोकं घेतली, तर सोनं नगण्य निघालं. मे 1997 मध्ये स्वतंत्र तपासणीनेही तेच सांगितलं.

त्यानंतर कॅनडाने 2001 मध्ये एनआय 43-101 हा नियम आणला. खनिजसाठ्याच्या अहवालाची जबाबदारी ‘पात्र व्यक्ती’ने घ्यायची. तिला किमान 5 वर्षांचा संबंधित अनुभव हवा आणि ती मान्य व्यावसायिक संस्थेची सदस्य हवी. मान्य संस्था म्हणजे कोणती? जिच्याकडे आचारसंहिता आहे आणि चुकार सदस्याला निलंबित करायचा किंवा काढून टाकायचा अधिकार आहे, ती. माझ्या मते संस्थेचं खरं वजन इथेच आहे. ऑस्ट्रेलियाची जॉर्क संहिता 1989 पासून याच वाटेने चालते. आपल्याकडे 2019 ची इंडियन मिनरल इंडस्ट्री कोड आहे. मात्र डॉक्टरांना, वकिलांना जशी कायद्याने स्थापन झालेली परिषद असते, तशी भूवैज्ञानिकांना नाही.

हा प्रश्न फक्त सोन्याचा नाही. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये दोन लाव्हा प्रवाहांच्या मध्ये अनेक ठिकाणी ‘तांबडा बोल’ नावाचा लालसर, मातकट मऊ थर असतो. ड्रिलिंगच्या पाण्याबरोबर तो वाहून जातो आणि पेटीत नुसता वरखालचा कठीण खडक दिसतो. 1.5 मीटर खोदून 1.2 मीटर कोअर हाती आला, तर प्राप्ती 80 टक्के. उरलेले 30 सेंटिमीटर नोंदवहीत ‘कोअर गहाळ’ म्हणून खोलीसकट लिहायलाच हवेत. ते लिहिले नाहीत, तर बोगद्याचं किंवा धरणाच्या पायाचं गणित सलग खडक धरून मांडलं जातं आणि कमकुवत थर हिशेबातच येत नाही.

म्हणून संस्थेने नोंदीचा नमुना ठरवून द्यावा, तक्रार आल्यावर कोअरच्या पेट्या उघडून पाहणारी समिती नेमावी आणि निकाल सदस्याच्या नावासह जाहीर करावा.