खुंट कुणाचा, हे आधी विचारा

मंडळी, नर्सरीत गेलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘जात कुठली?’ आंबा असेल तर केसर आहे ना, चिकू असेल तर कालीपत्ती आहे ना. माळी हो म्हणतो, आपण पिशवी रिक्षात ठेवून घरी येतो. त्या कलमाचा खालचा, मुळांकडचा अर्धा भाग, म्हणजे खुंट, कुणाचा, हे मात्र कुणी विचारत नाही. मला आज त्या खालच्या अर्ध्याबद्दलच बोलायचंय.

चिकू घ्या. मूळचा अमेरिकेतल्या उष्ण मुलखातला, पण नवसारी-अमलसाडकडे असा रुळला की तिथलाच वाटावा. त्याचं चांगलं कलम बांधतात खिरणीवर, म्हणजे आपण बडोद्याची माणसं जिला रायण म्हणतो तिच्यावर. उन्हाळ्यात हातगाडीवर पिवळी, बोटं चिकट करणारी फळं येतात, तीच ही. दोन्ही एकाच कुळातली, दोन्हींच्या अंगात पांढरा चीक. रायण इथलीच, चिवट, पाण्याचा ताण सोसणारी, पिढ्यान् पिढ्या उभी राहणारी. दोष एकच, वाढायला फार रडवते. बी पेरल्यापासून खुंट पेन्सिलीइतका जाड व्हायला दोन वर्षं सहज जातात. म्हणून रायणीवरचं कलम महाग. चिकूचीच फांदी गुटी बांधून, म्हणजे झाडावरच तिला मुळं फुटवून, केलेलं रोप स्वस्त मिळतं, पण त्याला सोटमूळ नसतं, मुळं वरच्या वर पसरतात. माझं विचाराल, तर चिकूच्या बाबतीत चार पैसे वाचवायला जाऊ नये.

आता सांधा कसा जुळतो ते पाहू. सालीच्या आत आणि लाकडाच्या वर एक हिरवट, बुळबुळीत, कागदासारखा पातळ थर असतो. खोड जाड होतं ते यातूनच. खुंटाचा थर आणि वर बसवायच्या फांदीचा, म्हणजे काडीचा, थर एकमेकांना भिडले, तरच सांधा भरतो. काडी बारीक आणि खुंट जाड असेल तर ती मधोमध खोचू नका, एका कडेला सरकवा, म्हणजे निदान एका बाजूला साल सालीला मिळेल. शिकाऊ हाताची कलमं बहुधा इथंच जातात. केळीत आणि नारळात असा थरच नाही, त्यामुळे त्यांचं कलम होत नाही. आंबा आणि लिंबू तर वेगवेगळ्या कुळांतले, त्यांचाही सांधा जुळत नाही. आंब्यावर लिंबं लागल्याचे जे व्हिडिओ फिरतात, ते करमणूक म्हणून खुशाल बघा.

आंब्याचं कोय कलम पावसाळ्यात, हवा ओली असताना बांधायचं. कोय नुकती रुजून आलेली, पानं अजून तांबूस, अशा रोपाचा शेंडा कोयीच्या वर तीन-चार बोटांवर छाटायचा, उरलेल्या दांड्यात उभी चीर द्यायची आणि काडी दोन्हीकडून तासून पाचरीसारखी बसवायची. तासताना सुरी एका दमात ओढा, खरवडू नका. वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधा. पण खरं काम त्याच्या आधीचं आहे. काडी झाडावर असतानाच, आठ-दहा दिवस आधी तिची पानं कापायची आणि देठ तेवढे ठेवायचे. देठ आपसूक गळू लागले, शेंड्याचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, फुगला, की मग काडी तोडायची. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि दोष पावसाला दिला जातो.

बोरीची तऱ्हा निराळी. तिचं सोटमूळ खोल जातं, रोप उपटून दुसरीकडे लावलं की रुसतं. म्हणून बांधावरची गावठी बोर उन्हाळ्यात छाटायची आणि पावसाच्या तोंडावर जे नवे फुटवे येतात, त्यांच्यावर जागच्या जागी उमराण या बोराच्या जातीचे डोळे भरायचे, म्हणजे सालीत बसवायचे.

पुढच्या वेळी चिकू घ्याल तेव्हा सांध्याच्या खाली बघा. तिथून एखादा फुटवा आला असेल तर त्याचं पान पाहा. टोक बोथट, मधोमध किंचित खाच, रंग गडद, तर ती रायण. चिकूचं पान टोकाकडे निमुळतं होतं. पान पाहून झालं की फुटवा मोडून टाका आणि पुढंही तिथून येतील ते मोडत राहा. नाहीतर वरचा चिकू मागे पडेल आणि तुमच्या अंगणात रायण वाढेल. लावताना सांधा मातीच्या वर वीतभर तरी ठेवा, आणि कलम धरल्यावर ती प्लॅस्टिकची पट्टी आठवणीनं सोडा. ती तशीच राहिली तर खोडात रुतते.