मैत्रिणींनी लिहिलेल्या अटी

लग्न ठरवताना मुलीच्या मैत्रिणींना कुणी विचारत नाही. लग्न मोडलं की मात्र ती आधी त्यांच्याच दारात येते. मुस्लिम घरांतल्या मुलींच्या कथा-कादंबऱ्या वाचताना हे वारंवार दिसतं, मग ते घर रियाधमधलं असो की कर्नाटकातलं.

(दृश्य: बेळगाव, कॅम्प. माडीवरची खोली, चार मुली, मध्ये पुस्तकं.)

या मुलींच्या घरात दख्खनी, शाळा मराठी आणि बसमध्ये, बाजारात कन्नड. त्यामुळे कन्नड कथा एकजण मोठ्यानं वाचते आणि कुणी अडलं की तिथल्या तिथं मराठीत सांगते. रियाधची कादंबरी मात्र त्यांनी इंग्रजीतून वाचली. रजा अलसानिया या सौदी लेखिकेची ही कादंबरी २००५ साली बैरूतमध्ये छापली गेली. सौदीत तिच्यावर सुरुवातीला बंदी होती. त्यात चार मैत्रिणी आहेत. एकीला नवरा शिकागोला नेतो आणि तिथं गेल्यावर कळतं, त्याचं मन दुसरीत गुंतलंय. चौघींपैकी आणखी एकीची आई अमेरिकन, म्हणून मुलाच्या घरून नकार. मनातलं बोलायला चौघींना जागा मिळते ती शेजारच्या एका घटस्फोटित बाईच्या घरी.

माडीवर सगळ्यात जास्त चर्चा झाली ती चौघींपैकी सदीमच्या लग्नाच्या कराराची. ही मुलगी चांगली शिकलेली. नोंदवहीत सही करायला जाते, तर घरातली वडीलधारी बाई सांगते, अंगठा उठव, सह्या पुरुष करतात.

वाचणारी इथं थांबली. आपल्याकडे नवरी स्वतः सही करते. वकील, म्हणजे नवरीच्या वतीनं बोलणारा माणूस, आणि साक्षीदार तिच्यापाशी येतात, मेहेरची, म्हणजे नवऱ्यानं तिला द्यायची रक्कम सांगून विचारतात, कबूल आहे का. मैत्रिणी दोन्ही बाजूंना खेटून बसलेल्या असतात. एक ओढणी सावरते, दुसरी पेन पुढे करते, आणि मेंदी लागलेला हात दाखवलेल्या जागी सही करतो.

"सही आपणच करतो गं," एकजण म्हणाली, "पण वर काय लिहिलेलं असतं ते वाचलंय कुणी?"

कुणीच वाचलं नव्हतं.

(दृश्य: कन्नड पुस्तकाची पानं.)

बानू मुश्ताक हासनच्या, पेशानं वकील, कन्नडमधल्या बंडखोर साहित्याच्या बंडाय चळवळीतून पुढे आलेल्या. २०२५ साली त्यांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, दीपा भास्ती यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरासाठी. त्यांच्या एका कथेत नवरा बायकोवर जीव ओवाळून टाकायच्या गोष्टी करतो. शाइस्ता तिचं नाव. बाळंतपणानंतर ती दगावते आणि चाळीस दिवस उलटतात न उलटतात तोच तो दुसरं लग्न करतो. हे सगळं आपल्याला सांगते तिची मैत्रीण झीनत. लेखिकेची ही निवड मला फार मोलाची वाटते. घरच्यांना एकमेकांचं तोंड राखून बोलावं लागतं. मैत्रिणीला ते बंधन नसतं, म्हणून तिच्या तोंडून शाइस्ताची बाजू आपल्यापर्यंत पोचते.

सीमाभागातल्या मुलींना स्थळं येतात मिरजेहून, कोल्हापूरहून, हुबळीहून. लग्नं झाली की मैत्रिणी चार दिशांना जातात. माडीवरच्या एकीचं आता मिरजेला ठरलंय आणि तिचं बी.एड.चं एक वर्ष बाकी आहे. दोन्हीकडची संमती असेल तर निकाहनाम्यात, म्हणजे लग्नाच्या करारात, अटी घालता येतात, हे तिला काझीसाहेबांनीच सांगितलं. मग मैत्रिणी कागद घेऊन बसल्या.

पहिलं वाक्य झालं, 'मुलीला शिक्षण पूर्ण करू दिलं जाईल.' शेजारी बसलेलीनं ते खोडलं. "करू दिलं जाईल कशाला? मुलगी शिक्षण पूर्ण करेल, असं लिही."

दुसरी अट नोकरीची. तिसरीवर वाद झाला. लग्नानंतर फोन तिच्याच हातात राहील आणि मैत्रिणींना भेटायला तिला परवानगी मागावी लागणार नाही, हे लिहायचं की तोंडी ठेवायचं? दोघी म्हणाल्या, इतकं लिहिलं तर सोयरीक मोडेल. नवरीनं पेन हातात घेतलं आणि स्वतःच लिहिलं.

कागद येत्या रविवारी मिरजेला जाणार आहे. मुलाकडचं उत्तर अजून यायचंय.