डिस्ट्रिब्युटर बदलला, आता टायमिंग कुठून धरायचं?

नमस्कार. जुन्या पेट्रोल इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला पाळीपाळीने ठिणगी पोचवणारा भाग, बदलला, वायरी परत लावल्या, चावी फिरवली, आणि गाडी सुरूच होईना. किंवा सुरू झाली, पण कार्ब्युरेटरमधून फाट-फाट करायला लागली. किंवा नीट चालते, फक्त उचलत नाही. अशा वेळी आपला हात सगळ्यात आधी क्लॅम्पच्या बोल्टकडे जातो. बोल्ट सैल करायचा, डिस्ट्रिब्युटरची बॉडी जरा इकडे, जरा तिकडे, आणि आवाज बरा वाटला की आवळून टाकायचं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की बॉडी फिरवणं हे या कामातलं सगळ्यात शेवटचं पाऊल आहे. त्याच्या आधी जे पक्कं करायचं राहून गेलं असेल, ते बॉडी फिरवून बरं होत नाही, फक्त झाकलं जातं.

टायमिंग म्हणजे ठिणगी पडायचा क्षण. ती पिस्टन वर पोचायच्या आधीच का पाडतात, हे एकदा नीट समजून घेऊ. मिश्रण पेटायला आणि दाब चढायला ठरावीक वेळ लागतो. इंजिन ३००० आरपीएमवर फिरत असेल तर क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, एका मिलिसेकंदात १८ अंश पुढे जातो, १००० वर फक्त ६ अंश. म्हणजे वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पडली पाहिजे. ते काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली वजनं आणि स्प्रिंगा करतात. आपण बॉडी फिरवून ठरवतो तो फक्त सुरुवातीचा आकडा. पुढचा सगळा ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी जितके अंश लवकर पडते ते, त्याच्यावर चढतो.

आता पहिली आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी गफलत. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा डिस्ट्रिब्युटरचा एक होतो. त्यामुळे एक नंबरचा पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. क्रँकच्या पुलीवरची खूण दोन्ही वेळा शून्यावरच येते. खूण बघून डिस्ट्रिब्युटर बसवला आणि नेमका एक्झॉस्टचा फेरा पकडला गेला, तर रोटर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला ठिणगी वाटणारा फिरता हात, बरोबर उलट्या टोकाला जातो. मग ठिणगी पडते ती इनटेक व्हॉल्व्ह उघडायला लागलेला असताना, आणि कार्ब्युरेटरमधून भडका येतो. या अवस्थेत बॉडी कितीही फिरवा, काही होणार नाही. डिस्ट्रिब्युटरचे १८० अंश म्हणजे क्रँकचे ३६० अंश, आणि बॉडीला फिरायला जागा मिळते ती थोड्याच अंशांची.

ओळखायचं कसं? इग्निशन बंद ठेवा, कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग, त्याची वायर काढून ठेवा, गाडी न्यूट्रलमध्ये घ्या. सगळे प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर बोट दाबून धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी क्रँक सावकाश फिरवायला सांगा, इंजिन चालताना फिरतं त्याच दिशेने. एका फेऱ्यात काही जाणवणार नाही. दुसऱ्यात हवा बोटाला बाहेर ढकलेल आणि फुस्सकन निसटेल. तोच कॉम्प्रेशनचा फेरा. तिथून पुढे खूण येईपर्यंत जा. टॅपेट कव्हर काढणं सोपं असेल तर तेही बघा: एक नंबरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) सैल लागले पाहिजेत, कारण दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. एक्झॉस्टच्या शेवटी असाल तर त्यातला एक किंवा दोन्ही दाबाखाली असतील.

ही जागा सापडली की डिस्ट्रिब्युटर आत सोडायचा, आणि इथे दात तिरके असतात हे विसरून चालत नाही. बऱ्याच इंजिनांत डिस्ट्रिब्युटरचं गियर कॅमशाफ्टच्या तिरक्या दातांत अडकत खाली जातं, आणि जाता जाता रोटर फिरतो. वर धरलेला असताना रोटर एक नंबरकडे बघत असेल, तर पूर्ण बसल्यावर तो पुढे सरकलेला दिसेल. म्हणून तेवढा आधी धरून सोडायचा. किती आधी? जुना काढताना तो वर येताना किती फिरला ते बघून ठेवलं असेल तर उत्तर तिथेच मिळतं. १३ दातांच्या गियरवर एक दात चुकला तर डिस्ट्रिब्युटर जवळपास २८ अंश चुकतो, क्रँकवर ५५. अशी चूक बॉडी फिरवून भरून काढणारे लोक आहेत, पण मग बॉडीच्या बाजूला लागलेला, इंजिनाच्या ओढीने ॲडव्हान्स बदलणारा व्हॅक्यूमचा डबा कशाला तरी अडतो. उचलून पुन्हा बसवणं दहा पटीने बरं.

काही इंजिनांत खालचं टोक ऑइल पंपाच्या दांड्यात बसतं. तो दांडा जुळला नाही तर डिस्ट्रिब्युटर थोडा वरच राहतो. हातोडीने कधीही ठोकू नका आणि क्लॅम्पने खेचूनही बसवू नका. हलका दाब देऊन क्रँक जरा फिरवा, दांडा जुळला की तो आपोआप खाली बसतो. ज्या इंजिनांत मध्यापासून बाजूला असलेली खाच असते, तिथे डिस्ट्रिब्युटर एकाच तऱ्हेने बसतो. पण कुणी खालचं ड्राइव्ह गियरच काढून चुकीचं बसवलं असेल, तर तिथेही १८० अंशांचा घोळ होतोच.

फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, तुमच्या इंजिनाचाच वापरा. चार सिलिंडरला बहुतेक ठिकाणी १-३-४-२ असतो, पण १-२-४-३ सुद्धा आढळतो. रोटर कोणत्या दिशेने फिरतो ते डोळ्यांनी बघा, गृहीत धरू नका. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर वायरी त्याच दिशेने लावत जायचं. ऑर्डर बरोबर आणि दिशा उलटी, तर दोन सिलिंडर चालतात आणि दोन चालत नाहीत, आणि माणूस तासभर कार्ब्युरेटर खोलत बसतो.

पॉइंट, म्हणजे उघडला की ठिणगी पाडणारा आतला स्विच, असलेला डिस्ट्रिब्युटर असेल तर टायमिंगच्या आधी त्याचा गॅप. हा क्रम बदलता येत नाही. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग ॲडव्हान्स होतं. कमी झाला की रिटार्ड, म्हणजे ठिणगी उशिरा. टायमिंग आधी लावून मग गॅप नीट केला, तर टायमिंग पुन्हा हललं. पुष्कळ इंजिनांत गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या आसपास असतो. नव्या पॉइंटची टाच कॅमवर घासून बसते तसा गॅप कमी होत जातो, म्हणून काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा बघायचा.

इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर असेल तर गॅपची भानगड नाही, पण दोन गोष्टी तपासा. बऱ्याच जुन्या गाड्यांत कॉइलकडे जाणाऱ्या तारेत व्होल्टेज कमी करणारा बॅलास्ट रेझिस्टर असतो. पॉइंटच्या जागी आलेल्या नव्या मॉड्यूलला पूर्ण १२ व्होल्ट हवे असतील आणि त्याला त्याच तारेवरून पुरवठा दिला, तर गाडी सुरू झाली तरी मध्येच मिसिंग करेल. दुसरं म्हणजे चुंबकीय पिकअपच्या (ठिणगीचा इशारा देणाऱ्या सेन्सरच्या) दोन तारा. त्या उलट्या जोडल्या तर ठिणगी चुकीच्या क्षणी पडते, टायमिंगची खूण नाचते, आणि लोक दोष देतात डिस्ट्रिब्युटरच्या बुशला.

आता स्टॅटिक टायमिंग, म्हणजे इंजिन बंद ठेवून लावलेलं टायमिंग. याला टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा, लागत नाही, १२ व्होल्टचा एक साधा बल्ब आणि दोन तारा पुरतात. क्रँक चालण्याच्या दिशेने फिरवत गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर आणा, समजा शून्याच्या आधी १० अंश. खूण ओलांडली गेली तर नुसतं मागे आणू नका. चांगलं पाव फेरा मागे जा आणि पुन्हा पुढे या, नाहीतर टायमिंग चेनमधला ढिलेपणा मापात शिरतो. बल्बचं एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला, दुसरं गाडीच्या बॉडी-अर्थला. इग्निशन चालू करा. पॉइंट बंद असतील तर बल्ब विझलेला असतो. डिस्ट्रिब्युटरची बॉडी रोटरच्या दिशेने फिरवून बल्ब विझवा, मग अगदी सावकाश उलट दिशेने आणा. ज्या क्षणी बल्ब पेटतो, तिथे पॉइंट उघडले आणि तीच ठिणगीची जागा. बॉडी रोटरच्या विरुद्ध फिरवली की ॲडव्हान्स, हे इथे हाताला कळतं. इग्निशन उगाच चालू ठेवू नका, कॉइल तापते.

हात किती हलका लागतो याचा अंदाज देतो. बॉडीचा व्यास ६० मिलिमीटर धरला, तर कडेवर १ मिलिमीटर सरकवणं म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे जवळपास २ अंश, क्रँकचे ४. म्हणून मी ब्लॉकवर आणि बॉडीवर एक बारीक रेघ ओढतो. जिथून निघालो तिथे परत येता येतं.

एवढं झालं की गाडी सुरू होतेच, आणि मग टायमिंग लाइटची पाळी. लाइटची क्लिप एक नंबरच्या वायरवर. पुस्तकात सांगितलं असेल तर व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करा. नळी नुसती काढून ठेवली तर हवा आत ओढली जाते आणि आयडलिंग बदलतं. आयडल स्पीड पुस्तकातलाच ठेवा, जास्त असेल तर आतली वजनं उघडायला सुरुवात होते आणि तुम्ही चुकीचा आकडा बरोबर लावून बसता. आणि एक सावधगिरी: या दिव्यात पंख्याची पाती थांबल्यासारखी किंवा संथ फिरल्यासारखी दिसतात. ती थांबलेली नसतात. सैल बाही, ओढणी, लोंबती तार, काहीही जवळ येऊ देऊ नका.

प्रेक्षकांतून एकांनी विचारलं आहे, की लाइटमध्ये खूण बरोबर १० वर दिसते, तरी गाडी मरगळलेली चालते आणि तापते, असं का? फार चांगला प्रश्न आहे. पहिला संशय खुणेवरच घ्या. काही इंजिनांच्या पुलीत बाहेरची कडी आणि आतला भाग यांच्यात रबर असतं. रबर जुनं झालं की कडी सरकते आणि तिच्यासोबत खूणही. मग लाइट प्रामाणिकपणे चुकीचं दाखवतो. तपासायला एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन-स्टॉप, म्हणजे पिस्टनला अडवणारी दांडी, लावा, क्रँक एका बाजूने हळूच टेकेपर्यंत फिरवा, पुलीवर खूण करा, मग दुसऱ्या बाजूने टेकवा आणि दुसरी खूण करा. दोन्हींच्या बरोबर मध्ये खरं शून्य. जुन्या इंजिनावर ही अर्ध्या तासाची मेहनत माझी कधीच वाया गेलेली नाही.

खूण खरी निघाली तर वेग वाढवून बघा. आयडलला १० अंश आणि ३००० वर साधारण ३० ते ३६ व्हायला हवेत. दहाच राहिले तर वजनं अडकली आहेत किंवा गंजली आहेत, म्हणून इंजिन रिटार्ड चालतं, तापतं, उचलत नाही. चाळिशीच्या पुढे गेलं तर हा डिस्ट्रिब्युटर दुसऱ्या जातीच्या इंजिनाचा असू शकतो, स्प्रिंगा वेगळ्या असू शकतात. अशा वेळी चढावर नॉकिंग, म्हणजे इंजिनातली टकटक, ऐकू येतं, आणि ते दुर्लक्षित राहिलं तर पिस्टनला महागात पडतं. गरम असताना सेल्फ अडकत-अडकत फिरत असेल, तर सुरुवातीचा ॲडव्हान्स जास्त आहे असं धरून चाला.

बोल्ट आवळल्यावर लाइट पुन्हा एकदा लावा. आवळताना बॉडी एक-दोन अंश सरकते, आणि नेमकं हेच बघायचं राहतं, कारण तोवर हत्यारं डब्यात गेलेली असतात. व्हॅक्यूमची नळी परत लावा, आणि मग गाडी चढावर घेऊन तिचा आवाज ऐका.