केंद्राचा निधी आणि शाळेच्या दारातला पालक

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतल्या सरकारी शाळांना तिथल्या संघराज्य सरकारकडून जी आर्थिक मदत मिळते आणि त्या मदतीच्या निमित्ताने पालकांच्या पदरात जे हक्क पडले, त्यांविषयी मी आज आपल्याशी बोलणार आहे.

अमेरिकेत शाळा चालवणे हे मुख्यतः राज्यांचे आणि शालेय जिल्ह्यांचे, म्हणजे आपापल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांचे, काम मानले जाते. खर्चाचा मोठा भाग राज्याच्या करांतून आणि स्थानिक मालमत्ता करातून उभा राहतो. वॉशिंग्टनहून येणारा वाटा एकूण खर्चाच्या साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. मालमत्ता करावर एवढी भिस्त असल्यामुळे ज्या भागातली घरे महाग तिथली शाळा सुस्थितीत, आणि गरिबांच्या वस्तीतली शाळा कायम ओढगस्तीत, असे चित्र अनेक ठिकाणी दिसत आले आहे. ही तूट थोडीफार भरून निघावी म्हणून १९६५ साली प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायदा झाला आणि त्याच्या पहिल्या प्रकरणाने, ज्याला तिथे सगळे ‘टायटल वन’ म्हणतात, गरीब मुलांच्या शाळांसाठी केंद्रीय निधीची सोय केली. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ११ एप्रिल १९६५ रोजी या कायद्यावर सही केली ती टेक्सासमध्ये, लहानपणी ते ज्या एकखोली शाळेत शिकले होते तिच्या आवारात, आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून. तरुणपणी कोटुला या गावी मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना शिकवताना, न्याहारीविना वर्गात येणारी मुले त्यांनी रोज पाहिली होती.

पैसा मंजूर झाला; पण तो त्या मुलांपर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहणार कोण? हा प्रश्न कायदा होण्याआधीच सिनेटर रॉबर्ट केनेडी यांनी उपस्थित केला होता आणि निधीच्या उपयोगाचे मूल्यमापन पालकांनाही समजेल अशा रीतीने व्हावे, असा आग्रह धरला होता. त्यांची शंका खरी ठरली. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या दोन संस्थांनी सरकारच्याच लेखापरीक्षणांचे कागद तपासून १९६९ साली एक अहवाल काढला, आणि गरीब मुलांच्या नावाने आलेला पैसा काही जिल्ह्यांनी पोहण्याच्या तलावांसारख्या भलत्याच कामांवर उधळल्याचे त्यातून उघड झाले. हिशेब वर पाठवले जात होते, पण ज्यांच्या मुलांसाठी पैसा आला होता त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

त्यानंतरच्या दशकात पालकांच्या सल्लागार समित्या आल्या. १९७४ च्या दुरुस्तीने त्या जिल्हा पातळीवर आणि शाळा पातळीवर बंधनकारक झाल्या, तर १९७८ मध्ये त्यांच्या निवडणुकीचे आणि सदस्यांच्या प्रशिक्षणाचे नियमही ठरले. पालकांच्या हातात कायद्याची प्रत द्यावी आणि ती कशी वाचायची हेही शिकवावे, ही मला त्या काळातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. दुर्दैवाने १९८१ साली समित्यांची सक्ती काढून टाकण्यात आली. पालकांशी विचारविनिमय करावा एवढेच मोघम वाक्य उरले, आणि सक्ती गेल्यावर पुष्कळ ठिकाणी समित्याही गेल्या. १९८८ मध्ये पालकांचा सहभाग कायद्यात पुन्हा ठळकपणे आला, १९९४ मध्ये त्याला पैशाची जोड मिळाली, आणि सध्या लागू असलेल्या २०१५ च्या कायद्यातही त्या तरतुदी आहेत.

आजची व्यवस्था अशी. ज्या शालेय जिल्ह्याला टायटल वनखाली ५ लाख डॉलरहून अधिक निधी मिळतो, त्याने त्यातला किमान १ टक्का पालकांच्या सहभागासाठी राखून ठेवायचा, त्यातला किमान ९० टक्के भाग प्रत्यक्ष शाळांना द्यायचा, आणि तो कसा खर्च करायचा हे ठरवताना पालकांना सामील करून घ्यायचे. एखाद्या जिल्ह्याला १ कोटी डॉलर मिळाले, तर राखीव रक्कम होते १ लाख आणि शाळांकडे जातात ९० हजार. शाळा वीस असतील, तर सरासरी एका शाळेला वर्षाला साडेचार हजार डॉलर. एवढ्यात फार मोठे काही उभे राहणार नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

म्हणून रकमेपेक्षा मला त्यासोबतचे नियम महत्त्वाचे वाटतात. शाळेने दरवर्षी पालकांची सभा बोलवायची आणि या निधीविषयी व त्यांच्या हक्कांविषयी माहिती द्यायची. शाळा काय करील आणि घर काय करील याचा लेखी करार पालकांसोबत बसून तयार करायचा. मुलाला शिकवणाऱ्या शिक्षकाची पात्रता पालक विचारू शकतात, आणि राज्याच्या निकषांत न बसणारा शिक्षक सलग चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळ शिकवत असेल, तर शाळेने ते आपणहून कळवायचे असते. माहिती शक्य तिथे पालकांना समजेल अशाच भाषेत द्यावी लागते. परदेशातून येऊन नुकत्याच तिथे स्थायिक झालेल्या कुटुंबांना, आणि त्यांत आपली मराठी कुटुंबेही आली, ही तरतूद ठाऊक असायला हवी. सभा सकाळी किंवा संध्याकाळी घेण्याची, आणि येण्याजाण्याच्या सोयीवर व सभेच्या वेळी धाकट्या मुलांना सांभाळण्यावर याच निधीतून खर्च करण्याची मुभाही कायद्याने दिली आहे. तासावर मजुरी कमावणारी आई सभेला का येत नाही, याचे उत्तर तिच्या अनास्थेत शोधणाऱ्यांनी ही तरतूद अवश्य वाचावी.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना यात ओळखीचे काही सापडेल. समग्र शिक्षा योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक व निम्म्या महिला असाव्यात असे ठरवून अनुदानाच्या विनियोगावर देखरेखीचे काम त्या समितीकडे सोपवले आहे.

अमेरिकेच्या कायद्यातले आणखी एक कलम सांगायचे राहिले. बहुसंख्येने गरीब मुले असलेल्या अनेक शाळा हा निधी वापरून संपूर्ण शाळेसाठी एकच आराखडा तयार करतात. तो आराखडा पालकांना समाधानकारक वाटला नाही, तर त्यांचे आक्षेप शाळेने बाजूला ठेवायचे नसतात. आराखडा जिल्हा कार्यालयाकडे जाताना त्यासोबत पालकांचे ते अभिप्रायही जोडावे लागतात. नमस्कार.