संपर्क की सपक?

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या वर्षीची गोष्ट. सकाळी साडेसातला सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्यांचा फोन आला. त्यांची नवी वेबसाइट मी आदल्या रात्रीच चालू करून दिली होती. कौतुकाचा फोन असणार, म्हणून मी चहा बाजूला ठेवून उचलला. पलीकडून आवाज आला, "ताई, आमची हळद सपक हाय असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मला काही कळेना. लॅपटॉप उघडून पाहिलं, सगळं जागच्या जागी. मग त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून फोटो पाठवला. हिरव्या बटणावर मी लिहिलं होतं 'संपर्क'. त्यांच्या फोनवर त्या बटणाची वरची कड अक्षरांच्या डोक्यावरून गेली होती. 'स'वरचा अनुस्वार कापला गेला, 'क'वरचा रफार कापला गेला आणि खाली उरलं 'सपक'. तेही हळदीच्या पेढीवर, ठळक पांढऱ्या अक्षरांत.

चूक माझीच होती. वेबसाइटचं डिझाइन, त्यासाठीची नवी साधनं आणि या धंद्यातल्या बातम्या यांवर आज मी बोलायचं ठरलंय. ते सगळं येईलच, पण मला जे म्हणायचंय ते या बटणात आहे, म्हणून आधी तिथंच थोडं थांबू.

झालं असं, की मी एक तयार साचा घेतला होता. आमच्याकडे त्याला टेम्प्लेट म्हणतात. तो इंग्रजी अक्षरांसाठी बेतलेला असतो. इंग्रजी अक्षरं ओळीत शहाण्या मुलांसारखी बसतात. आपल्या अक्षरांचं तसं नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असा एक मजला, आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरं असा दुसरा. 'गुरुपौर्णिमा' हा शब्द मनात लिहून बघा, त्याला वर-खाली किती जागा लागते ते लगेच कळेल. इंग्रजीच्या मापाच्या डब्यात हा शब्द कोंबला की काहीतरी कापलं जाणारच. दोन ओळींच्या मथळ्यात तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांत शिंगं अडकवून बसतात.

हे आधी लक्षात का येत नाही? कारण डिझाइन करताना खरा मजकूर हातात नसतो. गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही करा, मजकूर नंतर देतो. मग त्या जागी 'लोरेम इप्सम' नावाचा लॅटिन वळणाचा अर्थहीन मजकूर भरायचा, अशी जगभरची रीत आहे. त्यात ना काना ना मात्रा, त्यामुळे सगळं छान दिसतं. त्या फोननंतर मी माझी स्वतःची एक ओळ केली: कुऱ्हाड, ऊर्जा, संपर्क, वाङ्मय, गुरुपौर्णिमा. अर्थ काही नाही, पण प्रत्येक मथळ्यात आणि प्रत्येक बटणात आधी ही ओळ टाकते. ती सुखरूप बसली की मग पुढचं काम.

दुसरं एक दुखणं याहून जास्त पसरलेलं आहे. इंग्रजी साच्यांमध्ये मथळ्याची अक्षरं एकमेकांपासून जरा लांब ठेवायची फॅशन आहे. मोठ्या लिपीतली अक्षरं अशी सुटी-सुटी लिहिली की रुबाबदार दिसतात. तोच साचा मराठीला लावला की शिरोरेषेचे तुकडे होतात. 'हळद' हा एक शब्द न राहता ह, ळ, द अशी तीन अक्षरं तीन खुंट्यांवर टांगल्यासारखी दिसतात. दुरुस्ती एका आकड्याची आहे, अक्षरांमधलं अंतर शून्य करायचं. पण ते करायला आधी ते डोळ्याला खुपायला हवं ना!

मला ते खुपतं, याचं श्रेय माझ्या मामांना. मामा मिरजेत बोर्ड रंगवायचे. फ्लेक्स यायच्या आधीचा काळ. सुट्टीत मी त्यांच्यासोबत जायची, माझ्याकडे काम एकच, दोरीचं एक टोक धरून उभं राहायचं. दोरीला खडूची पूड चोळलेली असायची. दोन्हीकडून ताणून मध्ये चिमटीनं उचलून सोडली की फळीवर सरळ पांढरी रेघ उमटायची. ती शिरोरेषा. त्याखाली दुसरी रेघ. पण दोन रेघांच्या आधी मामा वर चार बोटं आणि खाली तीन बोटं जागा मोजून सोडायचे. मी विचारलं तर म्हणाले, "वर वेलांटी ऱ्हाती, खाली उकार. त्यांचं घर आधी बांधायचं." मी पुढे पुण्यात पैसे भरून जो कोर्स केला, त्यात हे कुणी शिकवलं नाही.

मामांचं आणखी एक होतं. दुकानदार एका फळीवर मालकाचं नाव, वडलांचं नाव, सगळ्या मालाची यादी, देवाचं नाव आणि 'उधारी बंद' एवढं सगळं मागायचा. मामा विचारायचे, एसटीतून जाणाऱ्याला यातलं काय दिसायला पाहिजे? जे उत्तर येईल ते मोठं, बाकीचं बारीक. डिझाइनसाठी प्रेरणा कुठून घ्यायची, असं मुलं मला विचारतात. परदेशातल्या सुंदर वेबसाइटींचे संग्रह असतात, तेही बघावेत, मीही रात्री बघत बसते. पण मिरजेतल्या सतारमेकर गल्लीतून एकदा सावकाश चालत जा आणि जे दोन-चार जुने रंगवलेले बोर्ड अजून शिल्लक असतील त्यांचे फोटो काढून ठेवा. मोबाइलचा उभा, अरुंद पडदा आणि ती फळी, दोन्हीकडे अडचण जागेचीच.

आता अक्षरांच्या आकाराची एक गंमत. रेडिओवर अक्षर दाखवता येत नाही, तेव्हा तुम्हीच तळहातावर बोटानं 'ल' काढा. शाळेत आपण दोन पाकळ्यांचा 'ल' शिकलो. पण फोनवर पुष्कळदा दिसतो तो उजवीकडे उभा दांडा असलेला, हिंदी वळणाचा. 'श'चंही तसंच, आपला देठाचा. राज्य शासनाने 2009 साली वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ठरवून दिलेत. संगणकाला मात्र दोन्ही 'ल' एकच. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी जगभरची पद्धत, तिच्यात त्यांना एकच क्रमांक आहे आणि कोणता आकार दाखवायचा ते फॉन्ट ठरवतो. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार भरलेले असतात. फॉन्टला फक्त सांगावं लागतं की बाबा, हे पान मराठी आहे. ते सांगायची जागा पानाच्या कोडमध्ये अगदी वर असते. तिथं 'एमआर' ही दोन अक्षरं लिहायची. बहुतेक ठिकाणी साच्याबरोबर आलेलं इंग्रजीचं 'ईएन' तसंच पडलेलं असतं. अंध माणसं पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतात, तेही हीच खूण बघून उच्चार ठरवतं. म्हणजे मराठी मजकुराला इंग्रजी उच्चार लावले जाण्याची पाळी त्या राहून गेलेल्या 'ईएन'मुळे येते.

आपल्याला आता फॉन्टचं दुर्भिक्ष नाही. मुंबईच्या एकटाइप या मंडळींचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. टिरो देवनागरी मराठी तर खास मराठी वळणाचा आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मराठी पान उघडलं की आधी 'फॉन्ट डाउनलोड करा' अशी पाटी दिसायची. नाही केला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ. त्या मानानं आज चंगळ आहे. एकच पथ्य पाळायचं. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा बरीच जड असते, म्हणून एका पानावर चार-चार फॉन्ट लावू नयेत. एक पुरतो, फार तर दोन.

जडपणाचा विषय निघालाच आहे, तर ऑगस्ट 2019 चा कृष्णेचा महापूर आठवा. सांगलीकरांना वर्ष सांगितलं तरी पुरतं. सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45, आणि पाणी 57 फुटांवर गेलं होतं. वीज नाही, पॉवर बँक संपलेली, फोनमध्ये बारा टक्के चार्ज, रेंज येऊन-जाऊन. पाणी किती वाढलं ते बघायला मी एक पान उघडलं. आधी वर मोठमोठ्या फोटोंचा सरकता पट्टा. एक फोटो अर्धा आला आणि गोल चक्र फिरत राहिलं. आकडा त्या पट्ट्याच्या खूप खाली होता, तो शेवटपर्यंत आलाच नाही. त्याच वेळी शेजारच्या काकूंच्या साध्या फोनवर एका ओळीचा मेसेज आला: आयर्विन, इतके वाजता, इतके फूट, इतके इंच. सगळी गल्ली त्या ओळीवर चालली. आणि पुलाच्या खांबावर फुटांचे आकडे रंगवलेले असतात, ते तर नदीकाठच्या कुणालाही वाचता येतात. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण त्या खांबाइतकं स्वच्छ डिझाइन माझ्या हातून झालेलं नाही.

जगातली पहिली वेबसाइट 1991 साली टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या प्रयोगशाळेत लोकांसाठी खुली केली. तिच्यात चित्र नव्हतं, रंग नव्हता, नुसता मजकूर आणि दुवे. ते पान आजही उघडतं आणि मोबाइलच्या पडद्यावर आपसूक मावतं. मधल्या काळात आम्हीच पानं ठरावीक रुंदीची करून ठेवली. मग 2010 मध्ये इथन मार्कोट यांनी पडद्याप्रमाणे बदलणाऱ्या डिझाइनची कल्पना मांडली आणि पानं पुन्हा लवचिक झाली. गूगलचा आजचा निकष असा, की पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट अडीच सेकंदांत दिसली पाहिजे. आमच्या व्यापाऱ्यांनी पाठवलेला हळदीच्या ढिगाचा एकेक फोटो सहा एमबीचा होता. मोजमाप कमी करून वेबपी या प्रकारात बदलला तर दीडशे केबीत बसला. हळद तेवढीच पिवळी दिसते.

आता बातम्या. ज्या फिग्मा नावाच्या साधनावर माझ्यासारखे पुष्कळ जण दिवसभर काम करतात, ते अडोबी ही कंपनी 20 अब्ज डॉलरला घेणार अशी घोषणा सप्टेंबर 2022 मध्ये झाली. युरोप आणि ब्रिटनच्या स्पर्धा नियामकांनी हरकती घेतल्या, आणि डिसेंबर 2023 मध्ये सौदा मोडला. मोडल्याबद्दल अडोबीला एक अब्ज डॉलर द्यावे लागले. विसार बुडाला म्हणा ना! जुलै 2025 मध्ये फिग्मा स्वतःच शेअर बाजारात उतरली. सांगलीत बसून आपल्याला याचं काय? एवढंच, की काम परक्याच्या वखारीत ठेवलं असेल तर त्याची एक प्रत घरी असावी. मी एकेकाळी एका हॉटेलची सगळी वेबसाइट फ्लॅश या हलत्या चित्रांच्या जुन्या साधनात केली होती, वाफाळत्या भाकरीचं ॲनिमेशन वगैरे. 2020 च्या अखेरीला फ्लॅश बंद झालं आणि मालकांना नुसता रिकामा चौकोन दिसायला लागला. तेव्हा मीच सावध राहायला हवं होतं, ते बंद होणार हे काही वर्षं आधीच सांगितलेलं होतं.

एआयबद्दल सगळे विचारतात. आता चार वाक्यं लिहिली की मिनिटभरात वेबसाइट उभी राहते, हे खरं आहे. परवा एक मुलगा तशीच करून घेऊन आला. जांभळ्यातून निळ्यात जाणारा रंग, मधोमध भला मोठा मथळा. मी त्याला बटणं वाचायला लावली. 'अधिक जाणून घ्या', 'कार्टमध्ये जोडा', 'आजच आपला प्रवास सुरू करा'. बेदाण्याच्या दुकानात कसला प्रवास? आपल्याकडे माणूस विचारतो, दर काय? मग बटणावर 'दर बघा' लिहावं. 'पिशवीत टाका' लिहावं. मुलगा हुशार होता. त्यानं तिथंच बसून सगळी बटणं बदलली, आणि ते पान एकदम तासगावचं वाटायला लागलं.

आणि एक बातमी तुम्हा गिऱ्हाइकांच्या कामाची. डार्क पॅटर्न म्हणजे पडद्यावरच्या मांडणीतून केलेली फसवणूक. खोटी घाई करणं, न मागितलेली वस्तू हळूच बिलात टाकणं, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल असं बटण ठेवणं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला अशा 13 प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. आमचे हळदवाले शेठही एकदा म्हणाले होते, "ताई, 'फक्त 3 पाकिटं शिल्लक' असं लाल अक्षरांत टाका की." आम्ही बोलत होतो ते त्यांच्याच गोडाउनमध्ये. पोती आढ्याला टेकली होती. मी नुसतं वर बघितलं. त्यांनीही बघितलं आणि हसले. त्याऐवजी आम्ही लिहिलं, 'सांगली हळद, 2018 पासून भौगोलिक मानांकन'. ते खरं आहे आणि लाल अक्षरांची गरजही पडली नाही.

त्या बटणाचं राहिलंच. मी त्याच सकाळी वरची जागा वाढवली. वर चार बोटं, खाली तीन बोटं, मामांच्या मापानं. शेठना फोन केला, "आता बघा." थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "हां, आता संपर्क झाला. पर ताई, बटण दाबतंय कोण? त्या जागी आमचा फोन नंबरच मोठा करून टाका की."

टाकला. रोज सकाळी सौद्याआधी त्यांचा फोन वाजत असतो.

नमस्कार.