नुवागांतूवर डबा शोधताना

(दृश्य: कॅमेरा जमिनीलगत. चुनखडीच्या दगडांचं कडं, मध्ये उथळ खळगा.)

मुठीएवढे दगड. पाण्याने गुळगुळीत झालेले नाहीत, तडकलेले आहेत. चुनखडी मूळची करडी, इथे मात्र पांढुरकी आणि भुसभुशीत. खळग्यातली माती आजूबाजूच्या मातीपेक्षा काळपट. पाच-सहा पावलांत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाता येईल, एवढाच पसारा.

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या आकड्यांवरून शोधायचा खेळ. त्यात मुरलेल्या माणसाची नजर अशा राशीवर आधी जाते. ही आपोआप झालेली नाही, म्हणजे कुणीतरी रचली आहे. आणि रचली आहे म्हणजे खाली डबा असणार. एरवी हा हिशेब बऱ्याचदा बरोबर निघतो. या पर्वतावर तो दगा देतो. ही रास एक जुनी भट्टी आहे.

(दृश्य: वाळवंटातून वर चढणारा रस्ता, समोर बर्फाची रेघ असलेली शिखरं.)

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या स्प्रिंग माउंटन्स. लास वेगस शहरातून वायव्येला ९५ क्रमांकाचा महामार्ग धरायचा आणि डावीकडे काइल कॅन्यनच्या १५७ क्रमांकाच्या रस्त्याला वळायचं. तासाभराच्या आतलं अंतर. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, तर चार्ल्सटन शिखर ३,६३२ मीटरवर. या भागातल्या अनेक पायवाटांची नुसती सुरुवातच २,००० मीटरच्या वर होते, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंचावर. पहिल्या चढाला दम लागला तर दोष तब्येतीला देऊ नका, हवा विरळ आहे.

दक्षिण पायूट लोक स्वतःला नुवुवी म्हणतात आणि या पर्वताला नुवागांतू. नावातच बर्फ आहे. लास वेगस पायूट जमातीच्या वायव्येकडच्या राखीव भूमीचं नावही ‘स्नो माउंटन’ असंच. नुवुवींच्या उत्पत्तीच्या कथा या पर्वताशी बांधलेल्या आहेत. लांडगा आणि कोयोटी हा कोल्ह्यासारखा प्राणी त्यांत आहेत. पण या कथा हिवाळ्यात सांगायच्या, एरवी नाही, असा त्यांचा रिवाज आहे. त्यामुळे हे निवेदन त्या सांगणार नाही.

सुरुवात काइल कॅन्यनच्या व्हिजिटर गेटवेपासून करावी. तिथल्या सेव्हन स्टोन्स चौकात सात दगड आहेत, सात नुवुवी समाजांसाठी. कोणती वाट उघडी आहे तेही तिथेच विचारून घ्या. हा उपचार नाही. जुलै २०१३ मध्ये वीज पडून लागलेल्या कारपेंटर-१ वणव्यात इथलं सुमारे २८,००० एकर जळलं. जळालेला उतार पाणी धरत नाही, त्यानंतर लोंढे वाढले. ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाच्या पावसाने इथले रस्ते उखडले आणि पायवाटा वाहून गेल्या. डब्याचं पान, म्हणजे त्याची जागा आणि माहिती देणारं इंटरनेटवरचं पान, वादळाआधी लिहिलेलं असेल, तर त्यावरची वाट जमिनीवर असेलच असं नाही.

(दृश्य: फोनवर आकडे टाइप होतात.)

आता खेळाकडे. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तोवर शंभरेक मीटरचा घोळ व्हायचा, तो एकदम दहा मीटरच्या आसपास आला. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. नियम साधा: काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा. पंचवीस वर्षांत खेळ पसरला, नियम जवळजवळ तोच राहिला.

आकडे मात्र नीट वाचायला हवेत, कारण निम्मे घोळ इथेच होतात. चार्ल्सटन शिखर डब्यांच्या पानावरच्या पद्धतीने लिहिलं तर असं दिसतं: उत्तर ३६ अंश १६.३०० मिनिटं, पश्चिम ११५ अंश ४१.७४० मिनिटं. अंश पूर्ण, मिनिटं दशांशात. हेच कुणी घाईत ३६.१६३०० आणि ११५.४१७४० असं भरलं, तर फोन तक्रार करत नाही. तो गुमान शिखरापासून सुमारे २८ किलोमीटर दूर, आग्नेयेला रेड रॉक कॅन्यनच्या बाजूला घेऊन जातो. दुसरी चूक खास आपल्याकडच्या माणसाची. भारतात रेखांश पूर्व, म्हणून उणे चिन्ह लावायची सवय नाही. इथे पश्चिम रेखांश, आकड्याआधी उणे हवंच. ते विसरलं की हेच शिखर चीनच्या शान्तुंग प्रांतातल्या सपाट शेतात जाऊन पडतं. तिथे निदान चूक लगेच कळते. रेड रॉकवाली अर्धा दिवस खाते.

मिनिटाचा तिसरा दशांश म्हणजे किती? उत्तर-दक्षिण १.८५ मीटर, आणि या अक्षांशावर पूर्व-पश्चिम साधारण दीड मीटर. मोकळ्या आकाशाखाली फोनची अचूकता पाच मीटरच्या आसपास. डबा ठेवणाऱ्याच्या मोजणीतही तेवढीच चूक धरा. म्हणजे फोनवरचा दिशा दाखवणारा बाण अंतर शून्य सांगू लागला तरी डबा दहा मीटरवर असू शकतो. काइल कॅन्यनसारख्या उंच भिंतींच्या घळीत त्याहून जास्त, कारण उपग्रहाचा संदेश कड्यावर आपटून उशिरा पोचतो आणि फोन त्यालाच खरं मानतो.

(दृश्य: पाइनच्या सावलीत चालणारा माणूस. फोन खिशात जातो.)

म्हणून शेवटच्या टप्प्यात फोनच्या मागे धावू नये. उभं राहिलं की बाण गरगरतो. वीस-तीस मीटर मागे या, सावकाश सरळ चाला, बाण कुठे रोखतो ते दूरच्या झाडावर किंवा खडकावर धरा. मग दुसऱ्या बाजूने तेच करा. दोन रेषा जिथे छेदतात तिथे फोन खिशात घाला आणि डोळे उघडा. साधं होकायंत्र वापरत असाल तर इथे चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या सुमारे ११ अंश पूर्वेला आहे. महाराष्ट्रात हा फरक इतका किरकोळ की कुणी मोजत नाही. इथे दुर्लक्ष केलं तर शंभर मीटरला १९ मीटर चुकतं.

पानावर दोन आकडे असतात, अवघडपणा आणि भूभाग, दोन्ही १ ते ५. भूभाग ३ च्या वर असेल आणि उंचीची सवय नसेल तर तो डबा दुसऱ्या दिवसावर ढकला. सूचना उलट्या लिपीत असते, प्रत्येक इंग्रजी अक्षर तेरा घरं पुढे सरकवलेलं. ‘ई-बी-पी-एक्स’ दिसलं तर वाचा ‘रॉक’. चुनखडीच्या डोंगरात ही सूचना देणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी, दुसरं काय.

(दृश्य: लाकडी खांबावर वाइल्डरनेसची पाटी.)

फ्लेचर कॅन्यनसारखी वाट घेतली, जाऊन-येऊन साधारण ६ किलोमीटरची, तर ती माउंट चार्ल्सटन वाइल्डरनेसमध्ये शिरते. हे क्षेत्र १९८९ च्या कायद्याने राखलेलं आहे. त्याच्या हद्दीत डबा ठेवायला परवानगी नाही. पाटीच्या पलीकडचा जुना डबा नकाशावर दिसला तरी तो सोडून द्यावा. तिथे अर्थकॅश खेळावा. त्यात डबा नसतोच. दिलेल्या जागी जायचं, खडक बघायचा, प्रश्नांची उत्तरं पाठवायची. थर किती, कोणत्या बाजूला कललेत, शंखशिंपल्यांचे ठसे दिसतात का. हा सगळा खडक एके काळी समुद्राच्या तळाशी साचला, त्यामुळे प्रश्नांना तोटा नाही. या पर्वतावर डब्यापेक्षा हाच प्रकार जास्त शोभतो, असं आमचं मत.

(दृश्य: पुन्हा दगडांचं कडं, आता थोडं वरून.)

भट्टीकडे परत येऊ. खालच्या, रुक्ष उतारांवर घायपात वाढते. तिची पानं छाटायची, मधला गड्डा ठेवायचा. खड्ड्यात लाकूड पेटवून चुनखडीचे दगड लाल होईस्तोवर तापवायचे, वर गड्डे रचायचे, पाला आणि माती लोटून तोंड बंद करायचं आणि दिवस-दोन दिवस वाट बघायची. गड्डा मऊ आणि गोड होतो. दगड मात्र तापून-निवून फुटतात. फुटलेले बाहेर फेकायचे, पुढच्या वेळी नवे आणायचे. पिढ्यान्पिढ्या फेकलेल्या दगडांचं हे कडं झालं आहे.

मग डब्याची रास आणि ही रास ओळखायची कशी? डबा लपवणारा दहा-वीस दगड घेतो, बुंध्याशी किंवा फटीपुढे रचतो. दगड आसपासचेच, सारख्या रंगाचे. भट्टी उघड्यावर असते, गोल असते, तिचे दगड शेकड्यांनी आणि भाजलेले. शंका आली तर हात लावायचा नाही, एवढं पुरे. शंभर वर्षांहून जुन्या अशा जागेतलं काही सरकारी जमिनीवर खणणं, हलवणं किंवा नेणं १९७९ च्या पुरातत्त्व कायद्याखाली गुन्हा आहे. आणि जाणता लपवणारा अशा जागेजवळ डबा ठेवत नाही. म्हणजे दगड उलटून काही मिळणारही नाही.

वर गेलं की पिन्यन पाइन लागतो, आपल्या सुकामेव्याच्या दुकानातल्या चिलगोज्याच्या झाडाचा भाऊबंद. नुवुवींचं हे हिवाळ्याचं धान्य. शरदात लांब आकडीने शंकू पाडायचे, भाजून उघडायचे. बिया भाजायची रीत बघण्यासारखी. विणलेल्या सुपात बिया आणि जिवंत निखारे एकत्र घालून पाखडायचं; निखारा एका जागी थांबला तर सूप जळणार, म्हणून हात थांबत नाही. झाडाखाली शोधताना एवढंच लक्षात ठेवा की फांदी वाकवायची नाही, मोडायची नाही. राळ हाताला लागली तर साबणाने जात नाही, खोबरेल चोळल्यावर निघते.

(दृश्य: फटीत विजेरीचा झोत. आत हिरवट पत्र्याची पेटी.)

मिळाला. ही दारूगोळ्याची जुनी लष्करी पेटी. झाकणाला रबर, म्हणून पाणी शिरत नाही. फटीत आधी विजेरी, मग काठी, शेवटी हात. खालच्या भागात रॅटलस्नेक असतात आणि उन्हाच्या वेळी त्यांनाही सावली हवी असते. झाकण उघडल्यावर उंदराच्या लेंड्या किंवा घरट्याचा कापूस दिसला तर फुंकर मारू नका, झटकू नका. डियर माउस या उंदरातून हंताव्हायरस पसरतो, तोही धुळीवाटे. पेटी बंद करून मालकाला कळवा.

वहीत पेन्सिलीनेच लिहावं. थंडीत बॉलपेन चालत नाही आणि ओल आली की शाई पसरते. नाव आणि तारीख पुरे. वस्तू घेतली तर तोलामोलाची ठेवा. खाऊ मात्र कधीच नाही: पामरची चिपमंक ही खार जगात फक्त या पर्वतरांगेत आहे, आणि गोड गोळीच्या वासाने ती प्लास्टिकचा डबा कुरतडते. पेटी जशी होती तशी, त्याच तोंडाने, तितक्याच दगडांआड.

पाणी माणशी तीन लिटर. वाटेवर मिळेल असं धरू नका. जुलै ते सप्टेंबर दुपारी गडगडाट होतो, म्हणून पहाटे निघून दुपारच्या आत उतरायचं. नकाशा आणि डब्यांची पानं शहरातच उतरवून घ्या. वाटेत कुणी प्रार्थनेसाठी जमलेले दिसले तर लांबून वळून जायचं. फोटो नाही, विचारपूसही नाही.

(दृश्य: संध्याकाळ. गाडीत बसलेल्या माणसाच्या हातात फोन.)

सापडला नाही तर तशी नोंद जरूर करा. मालकाला त्यावरूनच कळतं की लोंढ्याने डबा नेला. आणि भट्टीचा किंवा कोरलेल्या खडकाचा फोटो काढला असेल, तर तो कुठेही टाकण्याआधी त्यातली जागेची नोंद पुसा. जागा कळवायचीच असेल तर वनखात्याला कळवा. त्याहून बरं म्हणजे चढायच्या आधीच कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करणं. काइल कॅन्यनच्या आत नेटवर्क येतं-जातं, पण कॅमेऱ्याला नेटवर्क लागत नाही. अक्षांश-रेखांश तो तरीही प्रत्येक फोटोत लिहीत राहतो.